धुळीतली रेघ

पहाटेच्या दळणाची घरघर आता खेड्यातही ऐकू येत नाही. विजेची गिरणी आली आणि बायांच्या खांद्यावरचं एक जड काम उतरलं, हे फार चांगलं झालं. अंधारात उठून दहा तोंडांपुरतं पीठ पाडणं हे निव्वळ कष्ट होते. पण त्या कष्टांना बायांनी स्वतःचं असं काही जोडून घेतलं होतं. जात्याला हात लागला की ओवी यायची. समोरासमोर दोघी बसायच्या, खुंटा एक आणि हात दोघींचे. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची. घर झोपेत असायचं. कोणी जागं असलं तरी जात्यावर गायलेल्या शब्दांचा जाब विचारायची रीत नव्हती. दिवसभर जे बोलायची सोय नव्हती, ते त्या वेळात गळ्यातून बाहेर पडायचं. माहेरचा रस्ता, न आलेला भाऊ, गेलेलं लेकरू, सासरचा जाच, पंढरीचा विठ्ठल, सगळं एका चालीत.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांच्या मदतीनं अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावांतल्या बायांनी त्या गायल्या आहेत. २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून लोकांसमोर येत आहेत. त्यात फिरताना मला सगळ्यात जास्त थांबवते ती सीता. देवळातली नव्हे, वनवासात एकटी पडलेली. बाया तिच्याविषयी गातात तेव्हा ती त्यांच्याच गावातली, दोन घरं पलीकडची सासुरवाशीण होते. तिच्या बाळंतपणाची काळजी त्यांना लागते, तिच्यावरच्या अन्यायाची चीड त्यांना येते. आपल्या नवऱ्याबद्दल जे उघड म्हणता येत नाही, ते रामाबद्दल म्हणता येतं. आपलं रडणं तिच्या डोळ्यांनी रडता येतं. निरक्षर म्हणून ज्यांना आपण बाजूला काढलं, त्या बायांना ही युक्ती कुणी शिकवली नव्हती. दुःखाला थेट हात लावता येत नसेल तर ते दुसऱ्या कुणाच्या नावानं मांडावं, हे त्यांना एकमेकींकडून कळलं होतं.

कला आणि मनाचं आरोग्य यांविषयी आज पुष्कळ बोललं जातं. शिबिरं होतात, रंगांचे संच भेट दिले जातात, मोठ्यांसाठी रंगवायची पुस्तकं निघतात. त्यात वाईट काही नाही. पण हा विषय निघाला की मला आधी ती जात्यापाशी बसलेली बाई आठवते. तिला कुणी कलावंत म्हटलं नाही. टाळी नव्हती, बक्षीस नव्हतं, गाणं नीट झालं का असा प्रश्नही नव्हता. तिच्या गाण्यानं तिचा सासुरवास संपला नाही. पीठ झालं की ती उठायची आणि त्याच घरात, त्याच माणसांत वावरायची. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गायची. जे इतक्या पिढ्या, इतक्या बाया, कुणी न सांगता करत राहिल्या, त्यात त्यांना काहीतरी मिळत असलंच पाहिजे.

काय मिळत असेल? मला वाटतं, दुःख मनात घोळतं तेव्हा त्याला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. रात्री दोन वाजता जाग आली की तोच विचार, तीच माणसं, तेच ‘मी असं का बोललो’, ‘तो असं का वागला’. तासभर घोळवूनही आपण जिथल्या तिथे. ओवीला मात्र ओळ असते. ओळ कुठेतरी सुरू करावी लागते आणि कुठेतरी थांबवावी लागते. शब्द निवडावा लागतो. जाचाचे शंभर प्रसंग असले तरी ओवीत एकच मावतो, मग तो कुठला हे ठरवावं लागतं. ठरवणारी ती असते. बाकीच्या दिवसात तिच्या हाती ठरवण्यासारखं फार थोडं असायचं.

१९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं सँड्रा बील या सहकारी संशोधिकेबरोबर एक साधा प्रयोग केला होता. महाविद्यालयातल्या मुलामुलींना सलग चार दिवस, दिवसाला पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले. काहींना आयुष्यातल्या सगळ्यात जिव्हारी लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. त्यांतल्या ज्यांनी घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिलं, ती मुलं लिहून उठल्यावर आधीपेक्षा जास्त उदास होती. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मन मोकळं केलं की लगेच हलकं वाटतं, हे दरवेळी खरं नसतं. पण पुढच्या महिन्यांत त्या मुलांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर अनेकांनी हा प्रयोग वेगवेगळ्या लोकांवर करून पाहिला. परिणाम कुठे ठळक दिसला, कुठे फिका. पेनेबेकर यांनी पुढे त्या लिखाणातले शब्दही तपासले. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता कळतंय’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला होता. पहिल्या दिवशीचा आक्रोश आणि चौथ्या दिवशीचाही तोच आक्रोश असेल, तर फारसं काही हलत नव्हतं. घडलेल्या गोष्टीची गोष्ट होऊ लागली की माणूस जरा सावरत होता.

शब्दांचं हे झालं. पण शब्दच आटले तर?

जिव्या सोमा मशे यांचं नाव आपण वारली चित्रांमुळे ऐकलेलं असतं. १९३४ साली तलासरी तालुक्यात त्यांचा जन्म झाला, पुढचं आयुष्य डहाणूजवळच्या गंजाडच्या परिसरात गेलं. ते लहान असताना त्यांची आई गेली. त्या धक्क्यानं मुलाचं बोलणंच थांबलं. त्यानंतरची काही वर्षं तो जमिनीवर, धुळीत रेघा ओढून आपलं म्हणणं सांगत असे, ही हकिगत त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते.

मी या हकिगतीपाशी पुन्हापुन्हा येतो. वारल्यांमध्ये चित्र काढणं तेव्हा बायकांचं काम होतं. लग्नघरी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या. चौकात पालघाट देवी, भोवती झाडं, जनावरं, नाचणारी माणसं. लग्न लावणाऱ्या धवलेरी गाणी म्हणायच्या. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नसे. लग्न झालं की त्या चित्राचं काम संपलं. पुढे ते धुरानं काळवंडायचं, नव्या सारवणाखाली जायचं. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि काडी एवढ्याच सामग्रीवर उभी राहिलेली ही भाषा त्या मुलानं आजूबाजूला पाहिलेली होती. आई गेल्यावर तोंडातले शब्द गेले, पण ही भाषा राहिली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो. चार रेघा ओढल्या की त्याला हातपाय येतात, तो चालायला लागतो. ज्याच्या जगातून सगळ्यात जवळचं माणूस निघून गेलं होतं, तो मुलगा धुळीत माणसं उभी करत बसला होता.

त्या धुळीतल्या चित्रांपैकी एकही उरलेलं नाही. उरणार कसं? कुणाचा तरी पाय पडला असेल, वारा आला असेल, कोंबड्या फिरल्या असतील. आज त्यांची कागदावरची आणि कापडावरची चित्रं जगभरच्या संग्रहांत आहेत. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकारानं त्यांच्या हातात कागद दिला, १९७५ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. ही सगळी मोठी कमाई आहे आणि ती त्यांना मिळाली याचा आनंद आहे. पण मनाच्या आरोग्याच्या दृष्टीनं मला पद्मश्रीपेक्षा ती धुळीतली वर्षं मोलाची वाटतात. तिथे चित्र विकायचं नव्हतं, टिकवायचं नव्हतं. मुक्या झालेल्या मुलाला त्यातून आसपासच्या माणसांशी जोडलेलं राहता येत होतं, एवढंच होतं. आणि एवढं फार होतं. त्या आसपासच्या माणसांचंही मला कौतुक वाटतं. पोरगं खुळावलंय म्हणून कुणी त्याच्या रेघा पायानं पुसत बसलं नसणार. कुणीतरी वाकून त्या पाहिल्या असतील, तो काय सांगतोय ते ओळखलं असेल. नाहीतर तो सांगत राहिलाच नसता.

लंडनमध्ये १९२९ च्या सुमारास मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टरबाईंनी आपल्या दवाखान्यात लहान मुलांपुढे वाळूचं ताट आणि छोटी खेळणी ठेवायला सुरुवात केली होती. मुलानं बोलावं असा हट्ट नाही. वाळूत हवं ते जग मांडावं, मोडावं, पुन्हा मांडावं. आजही मुलांवरच्या उपचारांत ही पद्धत वापरली जाते. धुळीत रेघा ओढणाऱ्या लहानग्या जिव्यासाठी असं ताट कुणी मांडलं नव्हतं. जमीन होती आणि बोट होतं.

भास्कर कुलकर्णींचं नाव आलं आहे तर आणखी एका बाईंबद्दल सांगायला हवं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर बिहारात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा हस्तकलांचं काम पाहणाऱ्या पुपुल जयकर यांनी कुलकर्णींना मिथिलेत पाठवलं. घराच्या भिंतीवर चित्रं काढणाऱ्या तिथल्या बायांना त्यांनी कागद द्यावा, चित्रं विकत घ्यावीत, म्हणजे चार पैसे त्यांच्या हाती पडतील, असा विचार होता. मुंबईच्या ह्या मराठी चित्रकारानं गावोगाव हिंडून ज्या बायांना शोधलं, त्यांत गंगादेवी होत्या. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं आणि गंगादेवींच्या वाट्याला उपेक्षा आणि दारिद्र्य आलं होतं. मिथिलेत नवरानवरीच्या खोलीच्या भिंतीवर ‘कोहबर’ काढतात. त्यात कमळाचं तळं, बांबूचं बेट, मासे, कासवं, पोपट, नांदत्या संसाराच्या सगळ्या खुणा असतात. स्वतःचा संसार मोडलेली ही बाई बारीक, एकावर एक बसवलेल्या रेघांनी आयुष्यभर कोहबर रंगवत राहिली. तिची रेघ पाहिली की हातात किती संयम असेल याचा अंदाज येतो.

पुढे १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८५ च्या भारत महोत्सवासाठी त्या अमेरिकेला जाऊन आल्या आणि तिथली वाहनं, तिथली माणसं, जत्रेतला वळणावळणांचा झोका, सगळं त्यांनी आपल्या मैथिली रेषेत बसवलं. मग कर्करोग झाला. दिल्लीत उपचार सुरू झाले. आणि गंगादेवींनी त्याचीही चित्रं काढली. दवाखाना, खाटा, डॉक्टर, तपासण्या, आणि त्यात सापडलेली स्वतः त्या. ज्या हातानं राम-सीतेचे प्रसंग काढले, त्याच हातानं सलाइनच्या नळ्या.

ही चित्रमाला मला कलेतल्या सर्वांत धीराच्या गोष्टींपैकी एक वाटते. इस्पितळात गेलं की माणसाचं माणूसपण पहिल्या तासात कमी होतं. कपडे बदलतात, मनगटाला पट्टी लागते, आपण खाट क्रमांक अमुक होतो. आपल्या देहाविषयी सगळे बोलतात, आपल्याशी थोडं बोलतात. त्या जागी गंगादेवी पाहणाऱ्या झाल्या. डॉक्टर त्यांना तपासत होते आणि त्या डॉक्टरांना पाहत होत्या, त्यांचा पेहराव, त्यांची उपकरणं, त्यांची उभं राहण्याची ढब. रोग त्यांच्या शरीरात होता, पण चित्राच्या चौकटीत त्याची जागा कुठे, आकार केवढा, हे त्या ठरवत होत्या. रोगानं त्यांना सोडलं नाही. १९९१ मध्ये त्या गेल्या. त्याआधी, आजारपण चालू असतानाच, त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात एक अख्खी खोली कोहबरानं रंगवली.

ती खोली आज नाही. २०१५ मध्ये संग्रहालयाच्या नूतनीकरणात त्या भिंती गेल्या. ही बातमी वाचली तेव्हा राग आला होता, अजूनही येतो. एवढी मोठी गोष्ट अशी पुसून टाकणं हा नुसता निष्काळजीपणा नाही, तो त्या बाईच्या आयुष्याचा अपमान आहे. पण एक विचारही तेव्हापासून सोबत आहे. त्या भिंतीसमोर उभं राहून, दुखणारं शरीर घेऊन, एकेक रेघ ओढताना गंगादेवींना जे मिळालं, ते कुणालाही पुसता आलेलं नाही. ते मिळून गेलं होतं.

दुखण्यात हात चालता ठेवण्याची ही गोष्ट ब्रिटनमध्ये एका रुग्णामुळेच रूढ झाली. ॲड्रियन हिल हे इंग्लिश चित्रकार १९३८ मध्ये क्षयाच्या आरोग्यधामात पडून होते. क्षयाला तेव्हा नेमकं औषध नव्हतं, महिनोन्महिने नुसतं पडून राहायचं. ते खाटेजवळच्या वस्तू काढू लागले. मग शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांना, युद्धातून परतलेल्या सैनिकांना त्यांनी पेन्सिली दिल्या. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्यांनीच १९४२ च्या सुमारास वापरात आणला. ज्यांनी कधी कुंचला धरला नव्हता, अशी माणसंही त्या रुग्णांत होती.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण आपली गाडी नेमकी इथेच अडते. ‘मला चित्र येत नाही’, ‘माझा गळा गोड नाही’, ‘मला कुठे लिहायला येतं’. २०१६ मध्ये गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना पाऊण तास माती, रंगीत पेनं, कात्रणं देऊन हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताण आला की हे संप्रेरक शरीरात वाढतं. सुमारे पंचाहत्तर टक्के लोकांत ते उतरलं होतं. आधी कलेचा सराव असणं-नसणं यानं काही फरक पडला नव्हता. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर मोठा इमला बांधू नये. पण शरीराला आपली चित्रकलेची गुणपत्रिका ठाऊक नसते, इतकं तरी त्यातून जाणवतं.

आणि गुणपत्रिका आपल्याकडे फार लवकर येते. तीन वर्षांचं मूल भिंत, फरशी, वडिलांची कागदपत्रं, काही सोडत नाही. त्याला विचारलं की हे काय आहे, तर ते सांगतं. त्याला ते येतं की नाही हा प्रश्नच त्याच्या मनात नसतो. मग शाळेत सफरचंद सफरचंदासारखं दिसावं लागतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा येतात. या परीक्षांनी अनेक मुलांना शिस्त दिली, कित्येक चांगले चित्रकार त्याच वाटेनं आले, हे मान्य. पण त्यांची श्रेणी दहावीच्या वाढीव गुणांना जोडली गेली आणि चित्र हे पुष्कळ घरांत गुण मिळवायचं साधन झालं. गुण मिळाले की पेटी माळ्यावर. गाण्याचं तेच. लहानपणी अंताक्षरीत बेधडक गाणारी मुलगी कुणीतरी ‘बेसूर’ म्हटल्यावर गप्प होते आणि पन्नाशीपर्यंत न्हाणीघरातसुद्धा गुणगुणत नाही. बनवणाऱ्यांची संख्या कमी होत गेली आणि बघणारे, ऐकणारे, पुढे पाठवणारे वाढत गेले. बघण्या-ऐकण्याचाही मनाला आधार असतो, मी तो रोज घेतो. पण स्वतःच्या हातून काही उमटणं ही निराळी गरज आहे, आणि ती उपाशी राहिली की तिची भूक कशाची आहे हेही आपल्याला ओळखू येत नाही.

आई गेल्यानंतरच्या दिवसांत मला लिहिता येत नव्हतं. लिहिणं हाच व्यवसाय असूनही वाक्यं खोटी वाटायची. स्वयंपाकघरात तिची विळी होती. एका सकाळी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं ती विळी काढायला बसलो. चित्र काही धड झालं नाही, पात्याचा बाक साधेना. पण तो बाक साधण्यासाठी मला ती विळी नीट पाहावी लागली. इतकी वर्षं घरात असून मी ती पाहिली नव्हती. पातं मध्यावर झिजलं होतं. खोबरं खवायच्या टोकाचे दोन दाते बोथट झाले होते. पाटाच्या एका बाजूला लाकूड गुळगुळीत होतं, तिथे तिचा पाय असायचा. तोवर आईची आठवण म्हणजे शेवटचा आठवडा, ऑक्सिजनचा आवाज, फोनवरची निरोपानिरोपी. त्या चित्रामुळे तिच्या पायाची जागा सापडली आणि तिच्यामागे भाजी चिरणारी, बोलता बोलता न बघता कोथिंबीर बारीक करणारी आई आली. मी रडलो. मग सांडशी काढली, मग पाटा-वरवंटा. त्यातलं एकही चित्र कुणाला दाखवण्याजोगं नाही. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. त्याच्या बाजूला आईसुद्धा बसायला आली, असं म्हणेन.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चित्र, गाणं, लेखन हे औषधाच्या जागी ठेवता येत नाही. व्हॅन गॉगचं उदाहरण दोन्ही बाजूंनी चुकीचं दिलं जातं. त्याच्या मनाच्या आजारामुळे तो एवढा मोठा चित्रकार झाला, असं काही जण म्हणतात. पण १८८९ मध्ये सां-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्यावर वर्षभरात त्यानं जी दीडशेच्या आसपास चित्रं काढली, ती झटक्यांच्या मधल्या, जरा बऱ्या असलेल्या दिवसांत काढली. झटका आला की काम थांबायचं. आजारानं त्याच्याकडून चित्रं हिरावून घेतली, दिली नाहीत. आणि कलेनं त्याला तारलं असंही म्हणता येत नाही. १८९० च्या जुलैमध्ये तो गेला. त्याला आजच्यासारखे उपचार मिळाले असते तर आणखी किती गव्हाची शेतं आपल्याला दिसली असती, असं मनात येतं. तेव्हा झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं असेल, तर आधी डॉक्टर. तापात आपण भजन म्हणत बसत नाही, गोळी घेतो आणि मग बरं वाटलं तर भजनही म्हणतो. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. त्या क्रमांकावर फोन करायलाही धीर लागतो. आणि अशा अवस्थेत कुणाला ‘छंद लावून घे’ असा सल्ला देऊ नये. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याच्या हातात रंगपेटी देऊन आपण त्याला आणखी एका गोष्टीत नापास करतो.

मात्र रोजच्या जगण्यातली जी दुखरी जागा असते, जिच्यासाठी डॉक्टरकडे जावं लागत नाही पण जी आपल्याला सोडतही नाही, तिथे हाताला काम देऊन पाहावं. काय करावं, हे ज्याचं त्यानं ओळखायचं असतं. कुणाला शब्द मानवतात. कुणाला शब्दांचाच थकवा आलेला असतो, दिवसभर कार्यालयात बोलून आलेल्या माणसानं माती मळावी, टाके घालावेत. गोधडी शिवणाऱ्या बाया धावदोऱ्याच्या ओळीमागून ओळ घालत जातात, तेव्हा श्वास आपोआप टाक्याच्या लयीला येतो. त्या कामाला डोकं थोडं लागतं आणि हात भरपूर, म्हणून मन तेवढ्या वेळात आपलं आपण निवळायला मोकळं असतं. ज्याला एकटेपणाच खातो आहे, त्यानं घरात बसून चित्रं काढण्यापेक्षा भजनी मंडळात जावं. आमच्या भागातल्या महिला मंडळाचं भजन मी खिडकीतून ऐकतो. सगळ्यांचे सूर सारखे नाहीत. एक आजी नेहमी अर्धी मात्रा मागे असतात. त्यांना कुणी थांबवत नाही, त्यांच्या हातात टाळ दिलेले आहेत आणि मंडळ त्यांच्यासाठी लय जराशी सैल धरतं. चार वर्षांपूर्वी यजमान गेल्यावर त्या घराबाहेर पडत नव्हत्या. पहिल्या दिवशी शेजारणीनं हाताला धरून आणलं होतं. आता मंगळवारी तीन वाजता सतरंजी घालायला त्याच सगळ्यांच्या आधी येतात.

केलेलं दाखवावं का, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, निदान सुरुवातीला नको. दाखवलं की माणसं प्रेमानंच ‘वा’ म्हणतात आणि मग पुढचं काम त्या ‘वा’साठी होऊ लागतं. मोबाइलवर टाकलं तर त्याहून कठीण, दर पाच मिनिटांनी किती जणांनी पाहिलं ते बघण्यात सगळा निवांतपणा जातो. दाखवावंसं अगदी वाटलंच तर एका माणसाला दाखवावं, आणि तो माणूस असा निवडावा की जो चांगलं-वाईट न म्हणता ‘हे काय आहे, सांग’ एवढंच विचारेल. असं माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतंच असं नाही. पण आपल्या घरातल्या कुणी वही लपवत लपवत पुढे केली, तर तो प्रश्न विचारणारं माणूस आपल्याला होता येतं.